लाटव्हियाचे ‘नागरिक नसलेले’ रहिवासी

1991 मध्ये लाटव्हिया सोव्हिएत युनियनपासून पुन्हा स्वतंत्र झाला, तेव्हा आपोआप नागरिकत्व मिळालं ते 17 जून 1940 पूर्वीच्या, म्हणजे सोव्हिएत ताब्याआधीच्या, नागरिकांना आणि त्यांच्या वंशजांना. सोव्हिएत काळात आलेले सुमारे 7 लाख लोक, बहुतेक रशियन भाषक, नागरिकत्वाबाहेर राहिले. 1994 च्या कायद्याने अर्जासाठी वयोगटांनुसार पाळ्या लावल्या. पहिली 16 ते 20 वर्षांच्या तरुणांची.

युरोपीय संघाच्या 1993 च्या कोपनहेगन निकषांत, म्हणजे संघात प्रवेशाच्या अटींत, अल्पसंख्याकांचं संरक्षण होतं, म्हणून प्रवेश हव्या असलेल्या लाटव्हियावर दबाव आला. ऑक्टोबर 1998 च्या सार्वमताने पाळ्या गेल्या. 21 ऑगस्ट 1991 नंतर तिथे जन्मलेल्या मुलांना पालकांच्या अर्जावर नागरिकत्व मिळू लागलं. मोठ्यांना मात्र 5 वर्षांचं वास्तव्य आणि लाटव्हियन भाषा, इतिहास, राज्यघटना यांची परीक्षा कायम राहिली.

खरी मेख इथे आहे: संघाचं नागरिकत्व सदस्य देशाच्या नागरिकत्वातूनच मिळतं, आणि ते कुणाला द्यायचं हे देशच ठरवतो. त्यामुळे 1 मे 2004 ला देश संघात गेला, पण या लोकांना युरोपीय संसदेसाठी मत नाही. स्थानिक निवडणुकीतही नाही. शेजारच्या एस्टोनियाने स्थानिक मतदानाचा हक्क दिला होता. प्रवेशानंतर संघाचा दबावही ओसरला, हे मला सर्वांत खटकतं. नवजात मुलांना आपोआप नागरिकत्व मिळायला 2020 उजाडलं.