खेळघर आणि बकरीचं पिल्लू

अंगणवाडीच्या आवारात पोरांसाठी खेळघर बांधायचं गावानं ठरवलं तेव्हा मला वाटलं, चार बांबू उभे करायचे, वर कवेलू टाकायचे, झालं. दिवाळीनंतर हात घातलेलं काम तान्ह्या पोळ्यापर्यंत पुरलं.

बांबू एका काकांच्या धुऱ्यावरचा, फुकट. पण 'वनखातं पकडते' म्हणून सगळे बिचकलेले. 2017 साली कायदा बदलला, जंगलाबाहेरचा बांबू आता झाडात मोजत नाहीत, हे पटवण्यात दोन बैठका गेल्या. त्यामुळे पुढे घाई केली आणि ओला बांबू तसाच बांधला. दीड महिन्यात खाली पिवळी पिठी सांडू लागली. भुंगा!

बुरूडकाम करणारे मामा हसले. "बांबूत गोडवा असते बाप्पा. तो मारल्याबिगर कसा टिकन?"

दुसऱ्या खेपेला 100 लिटर पाण्यात 3 किलो टाकणखार आणि 2 किलो बोरिक पावडर (कॅरमवर टाकतात तीच) कालवली, पेरं आतून फोडली आणि बांबू दोन आठवडे बुडवून ठेवले. पोरं-ढोरं तोंड घालतील म्हणून टाक्याभोवती काट्या लावल्या. हे औषध पावसानं धुऊन निघतं, त्यामुळे छप्पर चांगलं पुढे काढलं आणि खांब मातीत न गाडता सिमेंटच्या ओट्यावर बसवले. कुणीतरी टिनाचे पत्रे देऊ केले होते. मे महिन्यातलं आमचं ऊन ठाऊक असूनही!

खरी फजिती कठड्याची. आत कमरेएवढं मचाण, त्याला कठडा, दांड्यांमध्ये पाच इंचाची फट. दिसायला झकास. एका सकाळी शेजारच्या बकरीच्या पिल्लानं त्यात डोकं घातलं. कान आडवे आले, डोकं मागे येईना, आणि त्याच्या बोंबलण्यानं अर्धी आळी गोळा झाली. मामांनी दांडी कापून सोडवलं. अंगणवाडीताई मला काही बोलल्या नाहीत. एका पोराला जवळ घेऊन त्यांनी टेपनं त्याचं डोकं मोजलं, बस.

त्या रात्री मी मोबाईलवर मापं वाचली. साडेतीन ते नऊ इंच ही फट धोक्याची: अंग आरपार जातं, डोकं अडकतं. हे आधी वाचायला काय झालं होतं, मलाच ठाऊक. कठडा उपटला, तीन इंचाच्या फटीनं पुन्हा ठोकला.

तान्ह्या पोळ्याला पोट्टे आपापले लाकडी नंदी ओढत तिथंच आले. एकानं मचाणावर चढून नंदीचं तोंड कठड्यातून घालून पाहिलं. गेलं नाही.