पांघरुणाचं वजन

गोधडीला वजन असतं हे मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, रात्री सव्वादोनला कळलं. गोधडीही कुठली, तर आईच्या जुन्या लुगड्यांची, धुऊन धुऊन मऊसूत झालेली. तिचं एक टोक उजव्या पायाच्या अंगठ्यावर आलं, एवढंच. मी असा ओरडलो की बायको दचकून उठून बसली. "अहो, काय झालं? काही चावलं का? विंचू?" चौथ्या मजल्यावर विंचू कुठून येणार! पण तिची शंका अगदीच वावगी नव्हती. अंगठा टम्म फुगून लालबुंद झाला होता आणि आत बसून कुणीतरी नांगी मारत होतं. ती पाणी आणायला निघाली, तर तिच्या पावलांनी फरशी हलतेय आणि तो हादरा पलंगाच्या पायातून सरळ माझ्या अंगठ्यात येतोय असं वाटलं. "हळू चाल ना!" मी खेकसलो. एवढ्या वर्षांच्या संसारात तिच्या चालण्याबद्दल मी पहिल्यांदाच काही बोललो होतो.

सकाळी डॉक्टरांनी लांबूनच बघितलं आणि म्हणाले, "गाऊट." म्हणजे सांधा अचानक सुजवणारा एक प्रकारचा संधिवात. मग विचारलं, "एक ते दहामध्ये किती दुखतंय?" मी म्हटलं, "नऊ." एक राखून ठेवला, पुढचं कुणी पाहिलंय! पण परत येताना रिक्षात चुटपुट लागून राहिली. नऊ हे काय उत्तर झालं? आपल्याकडे दुखण्याला शब्दांचा तोटा आहे का? दाढ ठणकते, गळू ठसठसतं, पोटात कळ येते, पाठीत उसण भरते, कमरेत चमक निघते, काटा सलतो, जखम चुरचुरते. आमची आजी तर नुसत्या 'गं बाई' च्या तीन तऱ्हांवरून दुखणं कुठलं ते कळू द्यायची. आणि मी शिकलासवरलेला माणूस 'नऊ' म्हणून आलो.

पाय उशीवर ठेवून पडून राहायचं, तेव्हा वाचण्याखेरीज उद्योग नव्हता. त्या वाचनात थॉमस सिडनहॅम भेटला. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजशी याचा संबंध नाही. ते नाव मुंबईच्या एका गव्हर्नराचं. हा सतराव्या शतकातला लंडनचा वैद्य. तरुणपणी इंग्लंडच्या यादवी युद्धात राजाविरुद्ध लढलेला, पुढे रोग्याच्या उशाशी बसून रोग नुसता बघत राहणारा. १६८३ साली त्याने गाऊटवर एक छोटा प्रबंध लिहिला. त्याची सुरुवातच अशी, की एक तर हा रोग कुणालाच कळण्यासारखा नसावा, नाही तर ३४ वर्षं तो भोगूनही काही न उमगलेला मी मठ्ठ असावा. असं लिहिणारा डॉक्टर मला तरी आवडून गेला.

पुढे तो एका रोग्याचं वर्णन करतो. जानेवारी संपता संपता किंवा फेब्रुवारी लागता लागता ही गोष्ट घडते. काही आठवडे अपचन असतं, पण आदल्या दिवशी भूक सपाटून लागते. (आदल्या रात्री मी मटणाचा रस्सा तिसऱ्यांदा घेतला होता, हे इथे कबूल करतो.) माणूस धडधाकट झोपायला जातो. रात्री दोनच्या सुमाराला अंगठ्यातल्या कळेने जागा होतो. हाड निखळल्यासारखं वाटतं, आणि त्याच वेळी कुणी तिथे गार पाणी ओतावं तसंही. मग हुडहुडी आणि बारीक ताप. दुखणं चढत जातं. कधी आतल्या शिरा ताणून फाडल्यासारखं, कधी कुरतडल्यासारखं, कधी आवळून धरल्यासारखं. शेवटी ती जागा इतकी हळवी होते, की पांघरुणाचं ओझं सोसवत नाही आणि खोलीतून कुणी चाललं तरी त्याचा हादरा सोसवत नाही.

इथे मी पुस्तक छातीवर उपडं ठेवलं. पांघरूण आणि पावलं! ३४० वर्षांपूर्वीचा हा परका माणूस माझ्या बेडरूममध्ये काय करत होता? 'असह्य वेदना' असं त्याने लिहून टाकलं असतं तर मी पान उलटलं असतं. रोगी रात्रभर कूस बदलतो, पाय इकडे ठेवतो, तिकडे ठेवतो, आणि दर वेळी त्याला वाटतं की आता बरं वाटेल, हेही त्याने सोडलेलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या सुमाराला ठणका अचानक उतरतो, घाम येतो, डोळा लागतो. रोगी समजतो, आपण पाय बरोबर ठेवला म्हणून. मीही श्रेय उशीलाच दिलं होतं. हे सगळं 'रोगी' म्हणून लिहिलंय, पण रोगी कोण ते पहिल्या ओळीतच कळलेलं असतं.

त्याच सुमाराला, १६७९ मध्ये, समुद्रापलीकडे हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडवाला लेव्हेनहूक आपल्या भिंगाखाली गाऊटच्या गाठीतला खडूसारखा पदार्थ बघत होता. त्याला त्यात दोन्ही टोकांना अणकुचीदार असे लांबट कण दिसले. म्हणजे एकाला सुया दिसल्या आणि दुसरा सुया टोचल्यावर काय होतं ते सांगत होता. सिडनहॅमचा असल्या भिंगांवर फारसा भरवसा नव्हता. हा ऐवज युरिक ॲसिडचा, म्हणजे रक्तात वाढलं की सांध्यात साठणाऱ्या द्रव्याचा, हे वोलास्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवायला १७९७ उजाडलं.

आपल्याकडे याला वातरक्त म्हणतात. चरकाने त्याचं आणखी एक नाव दिलंय, आढ्यवात, म्हणजे श्रीमंतांचा वात. सुश्रुत म्हणतो, हे पायाच्या मुळाशी ठाण मांडतं आणि चिडलेल्या उंदराच्या विषासारखं अंगभर पसरत जातं. मौज अशी, की घोड्याउंटावर फार बसणं हे आपले आचार्य रोगाच्या कारणांत घालतात, तर सिडनहॅम गाऊटवाल्याला घोड्यावर बसायला सांगतो. मी स्कूटर चालवतो, त्यामुळे दोघांच्याही तडाख्यातून सुटलो. श्रीमंतीवर मात्र दोघांचं एकमत. हा रोग गरिबांपेक्षा श्रीमंतांना आणि मूर्खांपेक्षा शहाण्यांना जास्त मारतो, असं सिडनहॅम स्वतःच्या समाधानासाठी नोंदवतो. बायकोला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग तुम्हांला कसा काय झाला?"

डॉक्टरांनी दिलेली गोळी कोल्चिसिनची. एका फुलझाडाच्या कंदातून आलेलं हे औषध सिडनहॅमच्या आधी हजार वर्षं वैद्यांना ठाऊक होतं. त्याने पोट झडतं, आणि गाऊटमध्ये जुलाब देणं सिडनहॅमला सपशेल नामंजूर. म्हणून त्याने ते जवळ केलं नाही. त्याची भिस्त कडू काढ्यांवर, हलक्या बिअरवर आणि लवकर झोपण्यावर. पोट झडतं हे खरंच आहे, त्याचा तपशील मी देत नाही. पण तिसऱ्या दिवशी मला मोजा घालता आला. सगळ्यांत नेमकं लिहिणारा माणूस ३४ वर्षं कुढत राहिला आणि मी 'नऊ' म्हणून सुटलो, याची थोडी लाजच वाटली.

प्रबंधाच्या अर्पणपत्रात त्याने तो आखूड असल्याबद्दल माफी मागितली आहे. या रोगावर विचार करकरून लिहायला बसलो, तर आजवरचा सगळ्यांत जबर झटका आला, आणि पुन्हा लिहायला घेतलं की पुन्हा तेच, म्हणून हात आवरता घेतला, असं तो सांगतो. तेही मी बायकोला वाचून दाखवलं. मग पांघरुणाचा आणि पावलांचा भाग पुन्हा वाचला, थोडा माझ्या खेकसण्याचा बचाव म्हणूनही.

ती लसूण सोलत होती. म्हणाली, "आणि ती चालणारी कोण होती, ते लिहिलंय का?"

मी पान मागे उलटून पाहिलं. तिथे फक्त 'कुणीतरी' होतं.