पानावरून काढलेलं फील्ड तरीही दिसतं कसं?

तुम्ही विचारलंत म्हणून. प्रश्न नेहमीचाच: सेल्सफोर्सवर (ग्राहक आणि विक्रीच्या नोंदी ठेवायची ऑनलाइन प्रणाली) ‘खरेदी किंमत’ हे फील्ड, म्हणजे नोंदीतला रकाना, पेज लेआउटमधून काढून टाकलं, तरी सेल्सच्या मुलाने रिपोर्टमध्ये तो कॉलम ओढून दाखवला. असं कसं?

लेआउट फक्त मांडणी ठरवतो, म्हणून. लायटनिंग ॲप बिल्डरमधल्या (पान जुळवायचं साधन) कंपोनंटला लावलेला व्हिजिबिलिटी फिल्टरही त्यातलाच. त्या पानावर फील्ड दिसत नाही, एवढंच. रिपोर्ट, लिस्ट व्ह्यू, एपीआय (दुसऱ्या प्रोग्रॅमने डेटा काढायचा मार्ग) ही दारं उघडीच असतात.

कुलूप दुसरीकडे आहे. सेटअपमध्ये ऑब्जेक्ट मॅनेजर उघडा, ऑब्जेक्ट (ज्या प्रकारच्या नोंदीत ते फील्ड आहे तो) निवडा, ‘फील्ड्स अँड रिलेशनशिप्स’मध्ये ते फील्ड उघडा आणि ‘सेट फील्ड-लेव्हल सिक्युरिटी’ दाबा. सेल्सच्या प्रोफाइलसमोरची (प्रोफाइल म्हणजे युजरचे मूळ हक्क) ‘व्हिजिबल’ची टिक काढा. ‘रीड-ओन्ली’ करून भागत नाही, त्याने फक्त बदलता येत नाही, वाचता येतंच.

एवढं करूनही दिसलं तर पर्मिशन सेट, म्हणजे प्रोफाइलच्या वर दिलेले जादा हक्क, तपासा. युजरला प्रोफाइल एकच असतं, पर्मिशन सेट कितीही, आणि हक्कांची नेहमी बेरीजच होते. प्रोफाइलने नाकारलेलं एखादा जुना सेट गुपचूप देत असतो. हक्क बंद करणारा म्यूटिंग पर्मिशन सेट आहे, पण तो ज्या पर्मिशन सेट ग्रुपमध्ये ठेवला त्या ग्रुपपुरताच चालतो. बाहेरून मिळालेला हक्क तो काढून घेत नाही. म्हणून प्रोफाइल जमेल तितकं रिकामं ठेवावं आणि हक्क कामानुसार सेटमधून द्यावेत, हे आमचं ठाम मत.

आता खरी गळती. फॉर्म्युला फील्ड ज्या फील्डांवरून हिशोब करतं, त्यांची सिक्युरिटी ते पाहत नाही. ‘मार्जिन = विक्री किंमत − खरेदी किंमत’ असा फॉर्म्युला सेल्सला दिसत असेल, तर खरेदी किंमत लपवून काय उपयोग? विक्री किंमत समोरच आहे, एक वजाबाकी केली की झालं. रोल-अप समरीचंही (जोडलेल्या रेकॉर्डांची बेरीज वगैरे दाखवणारं फील्ड) तसंच. डॅशबोर्ड एका ठरावीक व्यक्तीच्या नजरेने चालवायला लावला असेल, तर बघणाऱ्यालाही त्या व्यक्तीच्या हक्कांनी आलेले आकडे दिसतात. मॅनेजरच्या नावाने लावलेले डॅशबोर्ड एकदा चाळाच.

स्वतः कोड लिहून पान बनवत असाल तर जबाबदारी तुमची. एपेक्स, म्हणजे सेल्सफोर्सची कोडची भाषा, सहसा सिस्टीम मोडमध्ये, म्हणजे युजरचे हक्क न पाहता, चालतो. क्लासवर ‘विथ शेअरिंग’ लिहिलं म्हणजे झालं, असं बरेच जण समजतात, पण ते फक्त कोणते रेकॉर्ड मिळतील ते ठरवतं, फील्डांना हात लावत नाही. व्हिज्युअलफोर्समध्ये (पानं बनवायची जुनी पद्धत) रेकॉर्डचं फील्ड थेट पानाला बांधलं तर सिक्युरिटी तपासली जाते. तीच किंमत कंट्रोलरने (पानामागच्या कोडने) स्ट्रिंग व्हेरिएबलमध्ये, म्हणजे साध्या मजकुरात, भरून दिली, की तपासणी सुटली. उपाय क्वेरीत, म्हणजे डेटा मागणाऱ्या ओळीत, आहे: ‘वेअर’नंतर आणि ‘ऑर्डर बाय’च्या आधी ‘विथ यूजर_मोड’ लिहा. मग हक्क नसलेलं फील्ड मागितलं तर अख्खी क्वेरी एरर देते. एरर नको, ते फील्ड तेवढं गळू दे, असं हवं असेल तर ‘स्ट्रिपइनॅक्सेसिबल’ वापरा.

आणखी एक गोम. व्हिज्युअलफोर्सचं पान उघडायची परवानगी मिळाली, की त्यामागचा एपेक्स चालवायला वेगळी परवानगी लागत नाही. लायटनिंग वेब कंपोनंटमध्ये (पानाचे भाग बनवायची नवी पद्धत) मात्र त्या एपेक्स क्लासचा ॲक्सेस प्रोफाइल किंवा पर्मिशन सेटमधून द्यावा लागतो. ॲडमिनला पान झकास चालतं आणि बाकीच्यांना एररची लाल पट्टी दिसते, तेव्हा आधी हेच तपासा.

तपासणी ॲडमिनच्या लॉगिनवरून करू नका, तिथे सहसा सगळंच दिसतं. लॉगिन ॲक्सेस पॉलिसीजमध्ये ॲडमिनला कुठल्याही युजरच्या नावाने लॉगिन करायची मुभा सुरू करा, मग युजर्सच्या यादीत नावासमोर ‘लॉगिन’ येतं. त्या युजरच्या खात्यातून पान बघा, नवा रिपोर्ट करून कॉलमांच्या यादीत फील्ड शोधा, लिस्ट व्ह्यू आणि डॅशबोर्ड उघडा. तिथे काही सेव्ह मात्र करू नका. रेकॉर्डवर ‘शेवटचा बदल’ म्हणून त्या बिचाऱ्याचंच नाव लागतं.