पंचेचाळीस दिवसांचे गणित

मी पुण्यात राहून इंग्रजीतून मराठीत भाषांतराची कामे करते. बहुतेक कामे कंपन्यांची, जाहिरात संस्थांची आणि अधूनमधून एखाद्या प्रकाशकाची असतात. या व्यवसायात कामाइतकाच वेळ पैशांच्या मागे लागण्यात जातो, ही तक्रार प्रत्येक फ्रीलान्सर करतो आणि ती खरीही आहे. तरीही थकलेले पैसे तगाद्याने निघण्यापेक्षा कागदपत्रांनी लवकर निघतात आणि ही कागदपत्रे काम हाती घेण्यापूर्वीच पुरी करावी लागतात, असे माझे अनुभवांती मत झाले आहे.

एका जाहिरात संस्थेचे उदाहरण देते. काम वेळेत गेले, ज्यांनी ते दिले त्या बाई खूश होत्या आणि बिलाबद्दल विचारले की दर वेळी 'प्रोसेसमध्ये आहे' असे गोड उत्तर मिळत होते. शेवटी मी अकाउंट्स विभागाचा नंबर मागून घेतला. तिथला मुलगा शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुमचं बिल आमच्याकडे आलेलंच नाही. पीओ निघालेला नाही आणि सिस्टीममध्ये तुमचा व्हेंडर कोडच नाही." पीओ म्हणजे कंपनीने काढलेली लेखी खरेदी-ऑर्डर (परचेस ऑर्डर) आणि व्हेंडर कोड म्हणजे पुरवठादार म्हणून आपल्या नोंदीचा क्रमांक. बिल त्या बाईंच्या ईमेलमध्येच पडून होते. त्याच मुलाने पुढे सांगितले की, महिन्याच्या ठरावीक तारखेनंतर आलेले बिल पुढच्या महिन्याच्या पेमेंटमध्ये धरले जाते. काम देणारा माणूस आणि पैसे सोडणारा माणूस हे वेगळे असतात, आणि पहिल्याचा चांगुलपणा दुसऱ्याच्या संगणकापर्यंत पोहोचत नाही.

म्हणून आता होकार देण्यापूर्वीच मी व्हेंडर म्हणून नोंदणीचा अर्ज, पॅन आणि रद्द केलेला धनादेश पाठवते, पीओ मागते आणि बिल कोणाच्या नावे व कोणत्या ईमेलवर पाठवायचे हे लेखी विचारून घेते. नव्या ग्राहकाकडून निम्मी रक्कम आगाऊ मागते. 'आमच्याकडे अ‍ॅडव्हान्सची पद्धत नाही' असे उत्तर आले, तर कामाचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याचे बिल वेगळे लावते. याला कोणी खळखळ केली तर ते काम सोडलेले बरे, असे मला वाटते. सुरुवातीला जो घासाघीस करतो तो शेवटी तेच करतो.

कायद्याची बाजू मात्र आपल्यातील अनेकांना ठाऊकच नसते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, पण काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर ही मुदत १५ दिवसांची आहे. करारात ९० दिवस लिहिले असले तरी कायद्याची कमाल मर्यादा ४५ दिवसांचीच राहते. काम मिळाल्यापासून १५ दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घेतली नाही, तर काम पोहोचले तोच दिवस स्वीकृतीचा धरला जातो; त्यामुळे फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर न टाकता तारखेसह ईमेलने पाठवणे हिताचे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. सेवा देणारी एकटी व्यक्तीही सूक्ष्म उद्योग म्हणून सरकारच्या 'उद्यम' पोर्टलवर आधारच्या साहाय्याने विनामूल्य नोंदणी करू शकते. मात्र ही नोंदणी काम सुरू होण्यापूर्वी केलेली असावी, कारण नंतर केलेल्या नोंदणीवर वाद उभे राहिले आहेत.

उद्यम क्रमांक बिलावर छापण्याचा खरा उपयोग मार्च महिन्यात कळतो. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात केलेली दुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. तिच्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला १५ किंवा ४५ दिवसांच्या या मुदतीत न दिलेली रक्कम कंपनीला त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही. पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच ती वजावट मिळते. त्यामुळे जे बिल आपल्या विनवण्यांनी हलत नाही, ते कंपनीच्या सीएच्या एका ईमेलने हलू शकते. एवढ्यानेही भागले नाही तर थकलेल्या पैशांचे असे वाद सोडवणाऱ्या सरकारी फॅसिलिटेशन कौन्सिलकडे दाद मागता येते. कायद्यात निकालासाठी ९० दिवसांची मुदत आहे, परंतु त्या भरवशावर घरभाड्याचे नियोजन करू नये. शिवाय तिथे गेल्यावर तो ग्राहक परत काम देत नाही, हेही गृहीत धरावे.

जाता जाता टीडीएसविषयी, म्हणजे पैसे देतानाच कापल्या जाणाऱ्या आयकराविषयी. व्यावसायिक शुल्कावर साधारणतः १० टक्के कर कापला जातो. ज्या रकमेपर्यंत तो कापला जात नाही, ती वार्षिक मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून ३० हजारांवरून ५० हजार रुपये झाली. कापलेली रक्कम आपल्या पॅनवर जमा झाली की नाही, हे आयकर पोर्टलवर दर तिमाहीनंतर स्वतः पाहावे. ती दिसत नसेल तर वर्ष संपण्याआधीच अकाउंट्सला लिहावे, कारण नंतर तिथली माणसे बदललेली असतात.

छोट्या प्रकाशकांपुढे मात्र यातील फारसे काही चालत नाही. त्यांच्याकडे अकाउंट्स विभाग नसतो, पीओ नसतो आणि बहुधा पुस्तक विकले जाईपर्यंत पैसेही नसतात. त्यांच्याशी मी प्रकरणवार व्यवहार ठरवते: तीन प्रकरणे पाठवायची, त्यांचे पैसे खात्यावर जमा झाले की चौथे सुरू करायचे. एका प्रकाशकाला हे आरंभी अपमानास्पद वाटले होते; आता ते स्वतःच फोन करून "ताई, पैसे टाकलेत, पुढचं कधी पाठवताय?" असे विचारतात.