तुम्ही विचारलंत म्हणून: सात सव्वीस की सहा चोपन्न?

"ताई, यादीत सात सव्वीसचा, म्हणजे 7.26 टक्क्यांचा, सरकारी बाँड आहे आणि सहा चोपन्नचाही आहे. मग सहा चोपन्नचा घेतं तरी कोण?"

नोव्हेंबर 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने रिटेल डायरेक्टचं, म्हणजे सामान्य माणसाने थेट सरकारी रोखे (सरकारचे बाँड) घ्यायच्या सोयीचं, दार उघडलं आणि दहा हजारांपासून ते घेता यायला लागले, तेव्हापासून हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच. मी बँकेच्या ट्रेझरीत, म्हणजे बँकेचे पैसे गुंतवणाऱ्या विभागात, नोकरी केली, त्यामुळे सोसायटीत आणि नात्यात बाँडचा विषय निघाला की माना माझ्याकडे वळतात. उत्तर आधीच सांगून टाकते: घेणारे भरपूर आहेत, आणि दोघांच्याही पदरात जवळजवळ सारखंच पडतं.

नावातला टक्का म्हणजे कूपन. सरकारने रोखा काढताना 100 रुपयांच्या दर्शनी किमतीवर जे व्याज कबूल केलं, ते. 6.54% जीएस 2032 (जीएस म्हणजे गव्हर्नमेंट सिक्युरिटी, सरकारी रोखा) म्हणजे दर शेकड्यामागे वर्षाला 6 रुपये 54 पैसे, निम्मे 17 जानेवारीला, निम्मे 17 जुलैला, 2032 च्या जानेवारीपर्यंत. व्याजदर चढोत की उतरोत, हा आकडा हलत नाही. हलते ती किंमत. आणि तुम्ही मोजलेल्या किमतीवर, मुदतीपर्यंत, सगळं धरून वर्षाला काय सुटतं, ते यील्ड.

हाच पेपर, म्हणजे हाच रोखा, बघा. जानेवारी 2022 मध्ये तो निघाला तेव्हा रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, 4 टक्के होता. मे महिन्यात रिझर्व्ह बँकेने तो 4.40 केला, जूनमध्ये 4.90. बाजारात सरकारला दिलेल्या दहा वर्षांच्या कर्जाला साडेसात टक्क्यांच्या वर मिळायला लागलं. मग सहा चोपन्न देणारा कागद पूर्ण शंभराला कोण घेईल? किंमत घसरत 93 च्या आसपास आली. सरकार बुडायला निघालं नव्हतं, नवा भाव जास्त होता एवढंच.

आता 93 ला घेणाऱ्याचा हिशोब पाठकोऱ्या कागदावर मांडू. साधारण साडेनऊ वर्षं उरलीत. व्याज वर्षाला 6.54. शिवाय शेवटी 93 चे 100 होणार, म्हणजे 7 रुपये वर. ते साडेनऊ वर्षांत वाटले तर वर्षाला 73-74 पैसे. बेरीज 7.27. याला 93 ने भागू नका, 100 नेही भागू नका, दोघांची सरासरी 96.50 घ्या. येतात साडेसात टक्क्यांहून थोडे जास्त. संगणक चक्रवाढ धरून 7.58 सांगेल. पेन्सिलीने एवढं जवळ जाता येतं, पण हल्ली कोणी पेन्सिल उचलतच नाही.

नुसते 6.54 भागिले 93 केले तर 7.03 येतात. त्याला करंट यील्ड म्हणतात. त्यात ते वरचे 7 रुपये धरलेलेच नसतात, म्हणून नुसत्या त्या आकड्यावरून दोन बाँडांची तुलना करू नये. विचारायचं ते यील्ड टू मॅच्युरिटी, म्हणजे वायटीएम.

इथेच दुसरा प्रश्न येतो, जरा रागाने: "किंमत 93 दाखवली, मग पैसे जास्त का कापले?" समजा 17 जून 2022 ला तुम्ही दहा हजार दर्शनी किमतीचा हा पेपर घेतला. किमतीचे 9,300. पण जानेवारीपासूनचे पाच महिने पेपर आधीच्या मालकाकडे होता, त्या काळाचं व्याज त्याचं. वर्षाचे 654, सरकारी रोख्याच्या हिशोबात महिना 30 दिवसांचा आणि वर्ष 360 चं, म्हणजे 150 दिवसांचे 272 रुपये 50 पैसे. तुम्ही देता 9,572.50. महिन्याभराने, 17 जुलैला, तुमच्या खात्यात सहामाहीचे पूर्ण 327 येतात. त्यातले 272.50 म्हणजे तुम्ही आगाऊ भरलेलेच परत. कोणी लुबाडलेलं नाही.

आता उलटी बाजू. फेब्रुवारी ते जून 2025 या काळात रेपो 6.50 वरून 5.50 वर आला. 7.26% जीएस 2033 वर एकदम प्रीमियम चढला, म्हणजे किंमत शंभराच्या वर गेली, यील्ड 6.3 धरलं तर किंमत निघते 105.75 च्या आसपास. आणि मग तेच लोक, जे सात सव्वीसवर लट्टू होते, ते म्हणतात, "छे, 105 देऊन 100 परत? हा तर तोट्याचा धंदा." तोटा नाही. ते जास्तीचे पावणेसहा रुपये दर सहामाहीच्या चढ्या व्याजातून थोडे थोडे वसूल होत जातात. फक्त मोठं व्याज आलं की सगळंच कमाई समजून खर्च करू नये, त्यात मुद्दलाचा एक तुकडा असतो. कूपन बघून भाळणारा आणि किंमत बघून पळणारा, दोघंही अर्धाच हिशोब करतात.

मग फरक काहीच नाही का? आहे. निवृत्त माणसाला दर सहा महिन्यांनी हातात रक्कम हवी असेल तर जास्त कूपनचा पेपर सोयीचा. 30 टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसाला कमी कूपनचा, सवलतीत मिळणारा पेपर बरा पडू शकतो, कारण व्याजावर दरवर्षी स्लॅबप्रमाणे कर लागतो. शिवाय वायटीएम गृहीत धरतं की आलेलं प्रत्येक व्याज तुम्ही त्याच दराने पुन्हा गुंतवताय. ते 327 रुपये बचत खात्यात लोळत पडले तर कागदावरचं यील्ड हातात येत नाही.

माझ्या मते कूपनपेक्षा नावातला शेवटचा आकडा, म्हणजे साल, आधी बघावा. सात टक्के कूपनचा पेपर शंभराला घेतला आणि यील्ड एक टक्का चढलं, तर दहा वर्षांचा 93 च्या आसपास येतो, तीस वर्षांचा मात्र 89 च्याही खाली. मुलीचं शिक्षण चार वर्षांवर असताना "सरकारी आहे, सेफ आहे" म्हणून 2050 नंतरचा पेपर घेऊन बसणारे मी पाहिलेत. सरकार पैसे देईल हो, पण 2050 नंतर. आधी हवे असतील तर बाजार देईल ती किंमत.

खासगी बाँडची गोष्ट निराळी. तिथे 12 टक्के यील्ड ठळक अक्षरात आणि रेटिंग, म्हणजे कंपनी पैसे परत देईल याची पत, बारीक अक्षरात असतं. जास्तीचे पाच-सहा टक्के हे पैसे बुडण्याच्या शक्यतेचं भाडं. मार्च 2020 मध्ये येस बँकेचे 8,415 कोटींचे एटी-1 बाँड (बँक अडचणीत आली तर बुडवता येणारे बाँड) शून्य केले गेले. पुढे जानेवारी 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. कूपन साडेनऊ होतं की नऊ, याला त्या दिवशी काय अर्थ होता?

एवढं ऐकून झाल्यावर समोरच्याला कळलं का, हे बघायला मी ट्रेझरी बिलाचं, म्हणजे सरकारच्या वर्षाच्या आतल्या मुदतीच्या कर्जाच्या कागदाचं, विचारते. त्याला कूपन नाहीच, शून्य. 364 दिवसांचं बिल समजा 94.70 ला घेतलं, मुदतीला 100 मिळणार. यील्ड किती? "शून्य टक्क्याचं कोण घेईल" असं उत्तर आलं, तर पेन्सिल पुन्हा हातात देते. 5.30 भागिले 94.70 करून 5.6 म्हणाला, तर म्हणते, आता खातं उघड.