मुंज्या बाजारात मिळत नाही

टेबलावर खेळायच्या बाहुल्यांत ऑर्क हवा असेल तर मिळतो. एल्फ, बुटके, ड्रॅगन, सांगाडे, सगळं मिळतं; परदेशातून मागवा, नाहीतर कुणाकडून थ्रीडी प्रिंट करून घ्या. मुंज्या मात्र कुणाकडेच नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, गोष्ट रचत खेळायचा खेळ. आमच्या मोहिमेत खेळाडू कोकणातल्या एका गावात शिरले होते, आणि डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) मी, म्हणजे भुतं पुरवायची जबाबदारी माझी. पारावरच्या पिंपळात कोण राहतो हे मराठी माणसाला सांगायला नको. तिथे गॉब्लिनची बाहुली ठेवून 'हा मुंज्या समजा' म्हटलं की टेबलावर हशा पिकतो आणि भीतीचा निकाल लागतो. मग ठरवलं, आपणच घडवू.

तसा जुगाड या खेळाला नवा नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली आला. त्यातले रस्ट मॉन्स्टर आणि आऊलबेअर हे काल्पनिक प्राणी गायगॅक्सने हाँगकाँगच्या स्वस्त प्लॅस्टिक खेळण्यांवरून बेतले होते.

पहिलं काम कागदावर. या खेळात चालणारं माप साधारण २८ मिमी, आणि ते बहुधा तळपायापासून डोळ्यांपर्यंत मोजतात. पटावरचा चौकोन एक इंचाचा, खेळाच्या हिशेबात तो पाच फूट. म्हणून बैठक २५ मिमीची. मी हार्डवेअरच्या दुकानातून त्याच व्यासाचे लोखंडी वॉशर आणले. वजन मिळतं, बाहुली सहसा कलंडत नाही. मुंज्या म्हणजे आठ वर्षांचा बटू, तेव्हा त्याची उंची २० मिमी धरली आणि समोरून व बाजूने असं अगदी त्याच मापाचं चित्र काढलं. चित्रात डोकं मुद्दाम मोठं, पंजे मोठे, हातातला दंड (बटूची काठी) जाड आणि शेंडी तर खऱ्यापेक्षा तिप्पट. ही बाहुली तळहातावर घेऊन कुणी न्याहाळणार नसतं, टेबलापलीकडून बघणार असतं. खऱ्या प्रमाणातली शेंडी तिथून दिसत नाही, आणि दिसली तरी पहिल्याच खेळात मोडते.

सांगाडा विजेच्या वायरीतल्या तांब्याच्या तारेचा. दोन तारा पिळून कणा, तिथूनच हात आणि पाय. पायाच्या तारा लांब सोडायच्या आणि बाटलीच्या बुचात खोचायच्या, म्हणजे काम करताना धरायला बूच असतं, बाहुलीला बोट लागत नाही. मुंज्याची ढब तारेतच ठरते. मी त्याला फांदीवर उकिडवा बसवला, मान एका बाजूला जरा जास्तच वळलेली. त्या वळलेल्या मानेत निम्मं भूत आलं, पुट्टी लावायच्या आधीच.

पुट्टी दोन प्रकारची वापरली. आतल्या थराला एम-सील, कारण तो कुठेही मिळतो, लवकर आवळतो आणि वाळल्यावर कानशीने घासता येतो. वरच्या थराला ग्रीन स्टफ, म्हणजे निळी आणि पिवळी पट्टी मळून होणारी हिरवी पुट्टी. दोन्ही रंग शेजारी चिकटलेल्या पट्ट्यात आल्या तर मधली सांध्याची कड आधी कापून टाकावी. ती तिथल्या तिथे कडक झालेली असते आणि मळल्यावर गाठी राहतात. पिवळा जास्त घेतला तर पुट्टी मऊ आणि चिकट, निळा जास्त घेतला तर कडक आणि धारदार. अंगाला पिवळी जास्त, दंडाला निळी जास्त. मळताना हातमोजे घालावेत. कच्चं इपॉक्सी काहींच्या कातडीला बाधतं, आणि एकदा बाधलं की पुढे दर वेळी बाधतं.

खरा कस लागतो तो थांबण्यात. तारेवर पातळ थर, तो वाळू द्या. मग मांड्या, पोट, छाती, वाळू द्या. मग लंगोटी. ओल्या थरावर दुसरा चढवला की अंगठा छातीत शिरतो. ग्रीन स्टफ तास-दीड तास वळवता येते आणि पूर्ण कडक व्हायला दिवस लागतो. जुन्या पिवळ्या बल्बखाली ठेवली तर लवकर होते. मळलेली उरली तर डबीत घालून फ्रीझरमध्ये ठेवता येते, मात्र डबीवर नाव लिहा. आमच्याकडे ती हिरवी चटणी समजून बाहेर काढण्यात आली होती.

हत्यारं म्हणाल तर सुई, टूथपिक, औषधांच्या दुकानातलं ११ नंबरचं सर्जिकल ब्लेड आणि दाताच्या डॉक्टरांनी टाकून दिलेलं एक आकडेदार अवजार. सगळी सारखी पाण्यात बुडवायची, नाहीतर पुट्टी अवजारालाच चिकटून वर येते.

चेहऱ्याला गोळी ठेवली, टूथपिकच्या बोथट टोकाने दोन खोबणी दाबल्या, मध्ये नाकाची बारीक वळी बसवली आणि ब्लेडने तोंडाची चीर दिली. प्रत्येक खोबणीत मोहरीहून लहान गोळी. पापण्या मी केल्याच नाहीत. पापण्या नसलेले डोळे टक लावून बघतात.

जानव्याला मात्र वेळ दिला. पुट्टी मळून अर्धा तास तशीच ठेवली, जरा ताठली की ओल्या काचेवर बोटाने लाटत दोरा काढला. लगेच लाटली तर दोरा तुटतो. तो ओल्या सुईवर उचलून खांद्यावर टेकवायचा, दोन्ही टोकं दाबायची, मधल्या भागाला हात लावायचा नाही. घरात यावर परिषद भरली. काका म्हणाले, "भूत आहे ना, मग अपसव्य दाखव." आई म्हणाली, "अपसव्य श्राद्ध करणाऱ्याचं असतं हो भावजी, मेलेल्याचं नव्हे." जानवं डाव्या खांद्यावरच राहिलं.

रंगवणं भर पावसाळ्यात आलं. पुण्याच्या दमट हवेत स्प्रे प्रायमर दाणेदार बसण्याची भीती, म्हणून ब्रशने लावायचा काळा प्रायमर घेतला. तो वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने, फक्त वरून खाली, पांढरा ओढला. यामुळे उजेड कुठून येतो ते आधीच ठरतं. पुढचे रंग पातळ लावले की खालचं काळं-पांढरं त्यातून दिसत राहतं. अ‍ॅक्रिलिक नेहमी पातळ, एका जाड हाताऐवजी दोन पातळ हात. पसरट डब्यात ओला स्पंज आणि त्यावर बटर पेपर ठेवला की रंग तासन्‌तास ओले राहतात. उन्हाळ्यात तर याशिवाय काम करूच नये.

कातडीला राखाडी-निळसर. त्यावर जांभळट तपकिरी रंगाचं अगदी पातळ पाणी सोडलं. ते फासळ्यांत, काखेत, डोळ्यांभोवती जाऊन साचलं आणि पोरगं खरोखर मेल्यासारखं दिसायला लागलं. मग गुडघे, नाकाचा शेंडा आणि बोटांचे सांधे उजळ केले. लंगोटीला भगवा द्यायचा होता. पिवळ्या छटा काळ्यावर झाकत नाहीत, म्हणून खाली आधी गेरूसारखा रंग दिला. डोळ्यांत पांढरं नाही, फक्त एकेक पिवळा ठिपका. ब्रश फार बारीक नको. शून्य शून्य नंबरच्या ब्रशवर रंग डोळ्यापर्यंत पोचायच्या आधीच वाळतो. टोक चांगलं असलेला एक नंबरचा बरा.

शेवटी व्हार्निश. आमचा खेळ चिवड्याशिवाय होत नाही आणि तेलकट बोटांपुढे उघडा अ‍ॅक्रिलिक टिकत नाही. आधी चकचकीत व्हार्निशचा हात, तो टणक असतो, मग चकाकी मारायला मॅट. मॅटचा स्प्रे दमट हवेत पांढुरका पडतो, म्हणून तोही ब्रशनेच. वॉशर लोखंडी असल्यामुळे मिठाईच्या खोक्याच्या तळाला चुंबकाची शीट चिकटवली की बाहुली प्रवासातही उभी राहते.

त्या खोक्यात सध्या मुंज्या, एक हडळ आणि वेताळाची पालखी उचलणारी चार भुतं आहेत. या चारांपैकी हाताने घडवलं एकच. बाकीची गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लॅस्टिकच्या साच्यात दाबून काढली. आता गिऱ्हा, म्हणजे पाण्यातलं भूत, घेतलाय. त्याला कमरेपर्यंत पाण्यात उभा करायचा आहे, आणि पारदर्शक रेझिन ओतताना बुडबुडे कसे टाळायचे याची खटपट चालू आहे.