मायनस चाळीसचे बूट

इथे कॅनडात नोव्हेंबरात बुटांच्या दुकानात गेलं की प्रत्येक जोडीला एक लेबल लटकलेलं असतं, मायनस पंचवीस, मायनस बत्तीस, मायनस चाळीस, आणि भारतातून नवीन आलेला माणूस डोळे झाकून चाळीसवाला उचलतो. साहजिकच आहे, थंडीच्या इतक्या गोष्टी ऐकून आलेलो असतो आपण. पण तो आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने काढते, आणि तुम्ही बस स्टॉपवर नुसते उभे राहणार आहात की टेकडी चढणार आहात हे त्या लेबलाला कुठे माहीत असतं! माझं तर आता ठाम मत झालंय, बूट घेताना आधी घसरणं बघावं, मग ओल, आणि थंडी तिसऱ्या नंबरवर.

हे मी मॉन्ट्रियलबद्दल बोलतेय हां, विनिपेगवाल्यांनी शिव्या घालू नयेत, तिकडची थंडी वेगळीच. इथे गंमत अशी की डोंगर शहराच्या मधोमध आहे. माउंट रॉयल, उंची जेमतेम २३३ मीटर, सिंहगड बघितलेल्या माणसाला टेकाडच वाटेल, पण मेट्रोतून उतरून थोडा चढ चाललं की झाडीतली वाट सुरू होते, मग घरी जाऊन बूट कोण बदलणार? म्हणून एकाच जोडीवर गल्ली आणि डोंगर दोन्ही भागवायचं हा सगळा खटाटोप.

गल्लीचं सांगायचं तर खरी परीक्षा मायनस वीसला नसतीच. तेव्हा बर्फ कोरडा असतो, पायाखाली करकर वाजतो, मस्त चालता येतं. वैताग येतो तो शून्याच्या आसपास. दुपारी वितळतं, रात्री गोठतं, आणि सकाळी फुटपाथवर पातळ काचेसारखा थर, जो दिसत पण नाही. त्यात प्लॅटो भागातल्या जुन्या घरांचे लोखंडी जिने बाहेरून, गोल वळण घेत खाली येणारे, फोटोत लय भारी दिसतात, पण जानेवारीत वरच्या मजल्यावरून खाली येणं म्हणजे दिवसाचा पहिला ट्रेक तिथेच होऊन जातो. आणि रस्ता क्रॉस करायच्या कोपऱ्यावर स्लशचं, म्हणजे अर्धवट वितळलेल्या बर्फाचं, डबकं असतं, वरून करडं, घट्ट, अगदी पाय ठेवण्यासारखं दिसतं, ठेवला की घोट्यापर्यंत आत. तिथे बुटाची जीभ दोन्ही बाजूंनी वरपर्यंत शिवलेली आहे की नाही एवढाच प्रश्न उरतो, नसेल तर लेबल मायनस शंभरचं असलं तरी पाणी आत येणारच. वर रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठाचे पांढरे ओघळ. ते व्हिनेगर घातलेल्या पाण्याने पुसले नाहीत तर लेदरची वाट लागते.

डोंगरावर बरोबर उलटं होतं, तिथे ओल आतून येते. बुटाच्या आत जे थिन्सुलेटचं (ऊब धरणारं कृत्रिम कापड) अस्तर असतं त्यावर २००, ४००, ६०० ग्रॅम असं लिहिलेलं असतं (ते बुटाचं वजन नव्हे, अस्तराच्या एका चौरस मीटरचं वजन), आणि सहाशेवाला घालून चढायला लागलं की पंधरा मिनिटांत पाय इडलीसारखे वाफवून निघतात. गोअर-टेक्समधून (पाणी आत न येऊ देणारा बुटातला पातळ पडदा) वाफ बाहेर जाते हे खरं, पण चढावर पायाला जेवढा घाम येतो तेवढी नाही जात. मग वर पोचून शहर बघत थर्मासमधला चहा पीत उभं राहिलं की तोच घाम गार पडतो आणि बोटं बधिर. आम्ही सह्याद्रीत पावसाळ्यात अ‍ॅक्शन ट्रेकिंगचे बूट घालून फिरलेली माणसं, ओल्या कातळावर नि घसाऱ्यावर पकड मिळाली की झालं, पाणी आत गेलं तर जाऊ दे, सॉक्स पिळायचे आणि परत घालायचे. इथे पिळायची सोय नाही ना.

आता पकडीचं. खोल नक्षीचा सोल ताज्या बर्फात आणि चिखलात रुततो म्हणून उपयोगी, पण सपाट गोठलेल्या बर्फात रुतायला काही नसतंच, तिथे रबर किती मऊ राहतं यावर सगळं अवलंबून. साधं रबर थंडीत कडक होतं. म्हणूनच तर क्वेबेकमध्ये, म्हणजे मॉन्ट्रियलच्या प्रांतात, २००८ पासून हिवाळ्यात गाड्यांना विंटर टायर सक्तीचे आहेत, माणसांच्या पायांची मात्र सरकारला काळजी नाही! टोरांटोच्या काइट संशोधन संस्थेत एक लॅब आहे, बर्फाची जमीन असलेली अख्खी खोली तिरकी करत जातात आणि त्यावर माणसांना बूट घालून चालायला लावतात, पडू नयेत म्हणून वरून पट्ट्याने बांधून. २०१६ साली पहिले निकाल आले तेव्हा ९८ प्रकारच्या बुटांपैकी दहासुद्धा पास झाले नव्हते. त्या लॅबचे स्नोफ्लेक (पास झालेल्या बुटाला पकडीसाठी देतात ती चिन्हं) मिळालेत का हे मला मायनस चाळीसपेक्षा जास्त कामाचं वाटतं.

तर माझा कौल असा, घोट्यावर येणारा वॉटरप्रूफ हायकिंग बूट, अस्तर दोनशे ग्रॅमचं, सोल मऊ, आणि बॅगेत मायक्रोस्पाइक, म्हणजे बुटावर चढवायचे धातूचे छोटे काटे. डोंगरावरची वाट लोकांच्या पावलांनी दाबून दाबून गुळगुळीत झालेली असते, वर जानेवारीतला पाऊस पडला की संपलंच, तिथे कुठलाही सोल पुरत नाही, स्पाइकच लागतात. फक्त खाली आल्यावर काढून ठेवायचे, मेट्रोच्या फरशीवर ते उलट स्केटिंग करायला लावतात. कडाक्याच्या दिवशी लोकरीचा जाड मोजा घालायचा, पण एकच. दोन घातले की बूट आवळतो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय जास्तच गार पडतो.

म्हणून दुकानात जाताना तोच जाड मोजा बरोबर न्यायचा, आणि संध्याकाळी जायचं, दिवसभर चालून पाय जरा सुजलेले असतात तेव्हा. चांगल्या दुकानात खोटा दगडी उतार ठेवलेला असतो, त्यावर खाली तोंड करून उभं राहायचं. अंगठा पुढे टेकला तर सरळ वरचा नंबर मागायचा. सेल्समन म्हणेल की वापरून सैल होतील, होतात पण, रुंदीला होतात. लांबीला नाही.